पत्रा, कोळसा आणि १८०चा ठेका : एका मेटल गाण्याच्या ॲनिमेशनच्या नोंदी

३ जून २०२४

गाण्याची पक्की ध्वनिमुद्रित प्रत आज हाती आली. एकूण लांबी चार मिनिटे दहा सेकंद असून त्यातील पहिली सत्तर सेकंदे आधी चितारून द्यायची, असे बँडशी ठरले आहे. ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या वडिलांची दोन बोटे भोसरीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्राखाली, गेली. गाणे त्यांच्यावर आहे. शब्द मराठी आहेत, परंतु ते घसा खरवडून काढलेल्या आवाजात म्हटलेले असल्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निम्मेही कळत नाहीत, आणि म्हणून सांगण्याचा बराच भार चित्रांवर येणार आहे.

विषय कळल्यावर ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची आठवण होणे साहजिक होते. बर्मिंगहॅममध्ये वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कापली गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ साली ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममधील काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून तारा सैल केल्या. ज्या आवाजाला आपण जड म्हणतो त्याच्या मुळाशी एका जखमी हाताने तारेशी केलेली ही तडजोड आहे. तो जडपणा चित्रात कशातून येतो, हे शोधण्यासाठी मी या नोंदी ठेवीत आहे.

९ जून

आज फ्रेमचा हिशेब केला. गाण्याचा वेग मिनिटाला १८० ठोके आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला बरोबर ८ फ्रेम मिळतात, आणि डबल बेसवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमवर, एका ठोक्यात चार प्रहार पडत असल्यामुळे प्रत्येक प्रहाराच्या वाट्याला २ फ्रेम येतात. हाताने काढलेले ॲनिमेशन बहुधा 'दोनवर' चालते, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकते, त्यामुळे हा हिशेब फारच सोयीचा निघाला. २०० ठोक्यांच्या गाण्यात प्रहाराला १.८ फ्रेम आल्या असत्या आणि प्रत्येक प्रहाराला चित्र जुळवणे अशक्य झाले असते. सत्तर सेकंदांच्या १६८० फ्रेम होतात, आणि दोनवर धरल्यास ८४० चित्रे.

याच उत्साहात प्रत्येक प्रहाराला प्रेसचा ठोकळा थोडा हलवून पाच सेकंदांची चाचणी केली. ती साफ फसली. सेकंदाला बारा प्रहार कान वेगवेगळे ऐकतो, परंतु सेकंदाला बारा चित्रे डोळा एकत्र करून सलग हालचाल म्हणून वाचतो. त्यामुळे ड्रमच्या प्रत्येक ठोक्याशी प्रामाणिक राहूनही पडद्यावर फक्त एक थरथर दिसली, आणि ऐकताना छातीवर येणारे गाणे पाहताना शिवणयंत्रासारखे वाटू लागले. चित्राने ड्रमच्या मागे धावू नये, एवढे आज पक्के झाले.

१६ जून

टूल या बँडच्या 'सोबर' या गाण्याचे १९९३चे चित्रण आज आवाज बंद करून पाहिले. दिग्दर्शन फ्रेड स्टूर याचे, आणि आकृत्या बँडचा गिटारवादक ॲडम जोन्स याच्या कल्पनेतल्या. जोन्स त्याआधी स्टॅन विन्स्टन याच्या स्टुडिओत चित्रपटांसाठी राक्षस आणि मुखवटे घडवण्याचे काम करीत असे, त्यामुळे संगीतकाराने चित्रकाराला विषय समजावून सांगण्याची पायरीच येथे गळून गेली. पडक्या घरातला तो बाहुला खुर्चीवर नुसता बसतो, उठतो, एका पेटीकडे पाहतो. भिंतीतल्या नळातून मांसासारखे काहीतरी सरकत जाते. आवाज बंद असतानाही ते जड वाटते.

मी त्याचे काही भाग एकेका फ्रेमने पुढे सरकवले. बाहुला बराच वेळ स्थिर राहतो आणि मग त्याची मान अचानक झटका खाते. स्टॉप मोशनमध्ये कॅमेऱ्यासमोर खरी वस्तू असते. तिला वजन असते, सांध्यात घर्षण असते, आणि प्रत्येक फ्रेमसाठी कोणीतरी ती हाताने हलवलेली असते. ही हाताची झटापट पडद्यावर उमटते. त्याच वर्षीच्या 'प्रिझन सेक्स'चे दिग्दर्शन स्वतः जोन्सने केले; लहान मुलावरील अत्याचाराचा विषय असलेले ते चित्रण एमटीव्ही या संगीत वाहिनीने थोड्याच दिवसांत दाखवणे थांबवले. बाहुल्यांनी सांगितलेली गोष्टही माणसांना सोसवली नाही, याचा मी गाण्याच्या विषयासंदर्भात गंभीरपणे विचार करीत आहे.

२३ जून

बँडच्या बैठकीत गिटारवादकाने विचारले की मेटलला ॲनिमेशनची गरजच काय, आम्ही चौघे वाजवताना दिसलो तर पुरे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी तेथे नीट देऊ शकलो नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मेटलचे चित्र मेटलच्या व्हिडिओपेक्षा जुने आहे. आयर्न मेडन या मेटल बँडचा एडी हा बँडमधील कोणत्याही माणसाहून अधिक ओळखला जाणारा चेहरा, डेरेक रिग्ज याने रंगवलेला, १९८०च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आला. रेकॉर्डचा बारा इंची पुठ्ठा मांडीवर घेऊन, गाणे सुरू असताना त्या चित्रात शिरणे ही या संगीताच्या श्रोत्यांची सवय होती, आणि त्या चित्राने हलावे ही इच्छा त्या सवयीतच दडलेली होती. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले, आणि ७ ऑगस्टला जेराल्ड पॉटरटन दिग्दर्शित 'हेवी मेटल' हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. चित्रपटाचे नाव संगीतप्रकारावरून आलेले नाही. ते त्याच नावाच्या चित्रकथांच्या मासिकाचे आहे, आणि त्या मासिकाचे मूळ 'मेताल उर्लां' या फ्रेंच मासिकात आहे. तरीही त्यात ब्लॅक सॅबथचे 'द मॉब रूल्स' वाजते. तारना या योद्धा स्त्रीच्या भागासाठी जिवंत अभिनेत्रीचे चित्रीकरण करून त्यावरून रेषा गिरवण्यात आल्या. चित्रपट म्हणून मला तो विस्कळीत वाटतो आणि त्यातील स्त्रियांचे चित्रण मला पटत नाही, परंतु या संगीताला काल्पनिक भूप्रदेश लागतो आणि तो मंचावर उभारता येत नाही, हे त्याने फार लवकर दाखवून दिले.

३० जून

माध्यम ठरले : एकाच कागदावर कोळशाने काढायचे, फोटो घ्यायचा, खोडायचे, त्यावरच पुढचे काढायचे. खोडलेल्या रेषेचा डाग मागे राहतो आणि हालचालीमागे काजळीची शेपटी तयार होते. कोळसा पक्का करणारे फिक्सेटिव्ह फवारता येत नाही, कारण मग पुसता येणार नाही. आणि पुण्याच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, तेव्हा कोळसा कधी चिकटतो तर कधी नुसता घसरतो. कागद रात्री पुठ्ठ्यांच्या दोन तक्त्यांमध्ये दाबून ठेवीत आहे.

उजेडाचा त्रास अधिक झाला. पहिल्या शंभर फोटोंत प्रकाश फ्रेमागणिक किंचित कमीजास्त होत होता. खिडकीवर काळे कापड लावले, पांढरा सदरा घालून काम करणे बंद केले कारण त्याचा उजेड कागदावर पडत होता, आणि शेवटी कारण सापडले ते लेन्समध्ये : प्रत्येक फोटोच्या वेळी लेन्सचे छिद्र पुन्हा मिटते आणि दर वेळी अगदी तेवढेच मिटत नाही. लेन्स किंचित फिरवून कॅमेऱ्याशी असलेला तिचा विजेचा संपर्क तोडला की छिद्र एकाच मापावर राहते. जुने लोक हे करतात, पण मला ते स्वतःच्या चार दिवसांच्या नुकसानीतून कळले.

७ जुलै

या प्रकल्पासाठी पाहिलेल्या कामांपैकी मला सर्वांत जवळचे वाटलेले काम म्हणजे २०१४चे 'थार्सिस स्लीप्स'. लंडनमधील थ्रोन या बँडसाठी निकोस लिव्हसी आणि टॉम बंकर यांनी ते केले. त्यातील प्रत्येक फ्रेम डेनिमच्या कापडावर यंत्राने भरतकाम करून उमटवलेली आहे. टाक्यांची एकूण संख्या सुमारे साडेचार कोटी सांगितली जाते. आधी ॲनिमेशन संगणकावर तयार झाले, मग त्यातील एकेक चित्र रंगांत विभागून टाक्यांच्या भाषेत बदलले गेले, यंत्राने ते शिवले, आणि शिवलेल्या कापडाचे फोटो एकामागोमाग जोडले गेले.

डेनिमच का, हे मेटल ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. बाह्या कापलेले डेनिमचे जाकीट, त्यावर आवडत्या बँडांचे शिवलेले पॅच, पाठीवर एक मोठा पॅच, ही या श्रोत्यांची चार-पाच दशकांची वेशभूषा आहे. ते जाकीट धूत नाहीत, विकत नाहीत, आणि प्रत्येक पॅचला कुठल्यातरी मैफिलीची आठवण असते. म्हणजे या दोघांनी ॲनिमेशनसाठी निवडलेला पडदा श्रोत्यांच्या अंगावरचा होता. थार्सिस हा मंगळावरचा प्रदेश; गाण्याच्या आशयाशी मंगळाचा संबंध असला तरी चित्राचा देह मात्र या लोकांच्या कपाटातून आलेला आहे, आणि म्हणून ते काम पाहताना तंत्राचे कौतुक मागे पडून आपलेपणा वाटतो.

टाक्यांच्या दिशा प्रत्येक फ्रेममध्ये थोड्या बदलतात, त्यामुळे स्थिर आकारही आतून सळसळत राहतात. माझ्या कोळशातही अशी सळसळ आहे आणि मी ती दोष समजून कमी करीत होतो. आता ती राहू देणार आहे, परंतु एका अटीवर : सळसळ पृष्ठभागाची असावी, आकार स्वतः स्थिर असावा. ठोकळ्याची बाह्यरेषा सोळा-सोळा फ्रेम जागची हलणार नाही आणि आतली काजळी मात्र दोनवर बदलत राहील. अशी आठ सेकंदे करून पाहिली. डबल बेस काजळीत गेला, गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, बाह्यरेषेत गेला, आणि ठोकळ्याला पहिल्यांदाच वजन आले.

१४ जुलै

ड्रमवादकाच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना चाचण्या दाखवल्या. काकांनी काम केले त्या प्रकारचा प्रेस मी पुस्तकातल्या आकृतीवरून काढला होता. त्यांनी दोनदा पाहिले आणि म्हणाले, "हा हातोडा झाला. प्रेस असा पडत नाही."

मग त्यांनी चहाच्या बशीवर मुठीने हालचाल करून दाखवली. क्रँकवर चालणाऱ्या प्रेसमध्ये वरचा ठोकळा, ज्याला ते रॅम म्हणतात, प्रवासाच्या मध्यावर सर्वांत वेगाने जातो आणि तळाशी पोहोचताना मंदावतो, कारण चाकाच्या फिरण्यातूनच त्याची वर-खाली हालचाल तयार होते. मी मात्र तो तळापर्यंत वेग वाढवीत आणला होता. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती : आवाज ठोकळा तळाला टेकल्यावर येत नाही. पंच, म्हणजे रॅमला लावलेले कापणारे टोक, पत्र्यात शिरतो, पत्रा क्षणभर धरून ठेवतो, आणि मग एकदम तुटतो. त्या तुटण्याचा तो आवाज असतो, आणि साठलेला सगळा ताण सुटल्यामुळे प्रेसची चौकटसुद्धा हिसका खाते. ठोकळा त्यानंतरही थोडा खाली जात राहतो.

त्यांना मी विचारले की हात दाखवावा का, आणि कसा. ते बराच वेळ बोलले नाहीत. "हात नको. पत्रा दाखवा," एवढेच म्हणाले. त्यामुळे स्टोरीबोर्डातील अकरा ते चौदा ही चित्रे आज काढून टाकली.

१५ जुलै

रॅमचा प्रवास पुन्हा मांडला. ८ फ्रेमचा एक ठोका असताना खाली येण्यासाठी ६ फ्रेम घेतल्या, अंतरे मध्ये मोठी आणि शेवटी लहान. पत्रा फाटण्याची फ्रेम स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमच्या ठोक्यावर ठेवली आणि तळ त्यानंतर दोन फ्रेमवर. पत्रा वाकून धरून ठेवतो ती फ्रेम मुद्दाम जास्त काळी केली. फरक विलक्षण आहे. हातोड्याचे चित्र ठोका दाखवत होते. या चित्रात पत्र्याचा विरोध दिसतो, आणि बळ किती आहे हे विरोधावरूनच कळते.

२१ जुलै

'मेटलोकॅलिप्स' या मालिकेचे काही भाग गिटारसाठी पाहिले. ब्रेंडन स्मॉल आणि टॉमी ब्लाचा यांची ही मालिका ऑगस्ट २००६मध्ये सुरू झाली. त्यातील डेथक्लॉक हा बँड पूर्णपणे काल्पनिक, परंतु त्याची गाणी स्मॉलने खरोखर लिहून वाजवली आणि २००७च्या अल्बमवर ड्रम जीन होग्लन याने वाजवले. विनोदी मालिका असूनही गिटारच्या दृश्यांत बोटे खऱ्या सुरांच्या जागी पडतात. वाजवणारा माणूस हे लगेच ओळखतो, आणि इतरांनाही, नेमके कारण न कळता, ते खरे वाटते. काकांनी प्रेसबद्दल जे सांगितले तेच हे आहे.

या मालिकेचे ॲनिमेशन करणाऱ्या टिटमाउस स्टुडिओचा संस्थापक क्रिस प्रिनॉस्की आधी एमटीव्हीच्या 'बीव्हिस अँड बटहेड'वर काम करीत असे. त्याच पात्रांच्या १९९६च्या चित्रपटातील वाळवंटातल्या भासाचा प्रसंग त्याने दिग्दर्शित केला, आणि त्या प्रसंगाची चित्रशैली व्हाइट झोम्बी या बँडच्या रॉब झोम्बीच्या रेखाटनांवरून घेतलेली होती. मेटल आणि ॲनिमेशन यांचे नाते व्यक्तींच्या हातांतून कसे पुढे सरकते, याचे हे मला फार समाधान देणारे उदाहरण वाटते.

२८ जुलै

पत्रा फाटताना पूर्ण कागद पांढरा करून झगमगाट द्यावा, ही बँडची सूचना मी आज नाकारली. १८०च्या वेगाने प्रत्येक ठोक्यावर झगमगाट दिला तर तो सेकंदाला तीन वेळा होतो, आणि प्रकाशाने झटके येणाऱ्या व्यक्तींसाठी पाळली जाणारी मर्यादा नेमकी तेवढीच आहे. डबल बेसवर दिला तर चौपट. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. हे सांगितल्यावर कोणी वाद घातला नाही. सत्तर सेकंदांत एकच पांढरी फ्रेमजोडी राहील, चौपन्नाव्या सेकंदाला.

४ ऑगस्ट

गाण्याच्या ब्रेकडाउन नावाच्या भागात चित्र आणि ड्रम सुटे पडू लागले आणि मी दोन दिवस स्वतःच्या चुका शोधत राहिलो. शेवटी ध्वनिलहरी मोठी करून ठोके मोजले, तेव्हा कळले की हा भाग क्लिक ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात ठरावीक ठोका न ऐकता, वाजवला आहे आणि वेग १८४वर गेला आहे. फरक किरकोळ वाटतो, परंतु ठोक्याला ८ऐवजी ७.८३ फ्रेम मिळतात आणि ४६ ठोक्यांत, म्हणजे पंधरा सेकंदांत, पूर्ण एका ठोक्याची चूक साठते. ड्रमवादकाने पुन्हा क्लिकवर वाजवून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. तेथे त्याचा हात पुढे पळतो, याला कारण आहे. त्या भागाचा तक्ता ठोका न् ठोका हाताने खुणा करून नव्याने भरला, काही ठिकाणी ८ तर काही ठिकाणी ७ फ्रेम.

१८ ऑगस्ट

गिटारवादकाने पुन्हा त्यांच्या चित्रीकरणाचा विषय काढला, या वेळी कॉर्न या बँडच्या 'फ्रीक ऑन अ लीश'चा दाखला देऊन. दाखला योग्य होता. १९९९च्या त्या व्हिडिओत टॉड मॅकफार्लेन याचे ॲनिमेशन आणि डेटन-फॅरिस या जोडीचे चित्रीकरण एकत्र आहे, आणि त्याला ग्रॅमीही मिळाले. पण तेथे चित्रातून सुटलेली गोळी खऱ्या जगात शिरते, वस्तू भेदत बँडभोवती फिरते आणि पुन्हा चित्रात परतते; दोन जगांना जोडणारी एक गोष्ट आहे. आमच्याकडे अशी ओलांडून जाणारी गोष्ट म्हणजे हात, आणि तो दाखवायचा नाही असे ठरले आहे. हे बोलल्यावर त्याने विषय सोडून दिला.

नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून आयर्न मेडनचे २०२१चे 'द रायटिंग ऑन द वॉल' पाहिले. कल्पना ब्रूस डिकिन्सनची, मूळ बायबलमधील बेलशझ्झरच्या मेजवानीचे, आणि दिग्दर्शक तोच निकोस लिव्हसी, ज्याने सात वर्षांपूर्वी डेनिमवर टाके घातले होते. त्यात साधने भरपूर आहेत, वाळवंट आहे, मोटारसायकलींवरचे चार स्वार आहेत, आणि बँड स्वतः जवळजवळ कोठेच नाही. मला त्यापेक्षा मेटॅलिकाचे २०१६चे 'मर्डर वन' जास्त आवडते; मोटरहेड बँडच्या लेमीच्या मृत्यूनंतर रॉबर्ट व्हॅली याने केलेले ते काम लांबट, टोकदार आकृत्यांचे आहे आणि त्यात एका माणसाविषयीची माया स्पष्ट दिसते. मुलांना मात्र मेडनचेच आवडले.

१ सप्टेंबर

शेवटचे दृश्य आज संपले. पत्रा बाजूला सरकतो, डाय, म्हणजे पत्र्याखालचा साचा, रिकामी राहते, आणि रॅम वरच्या टोकाला थांबतो. येथे ड्रम नाहीत, फक्त गिटारची विरत जाणारी गुणगुण आहे, म्हणून शेवटचे चित्र ४८ फ्रेम स्थिर ठेवले. काजळीसुद्धा बदलली नाही. दोन महिने एकाच कागदावर काढून पुसल्यामुळे रॅमच्या प्रत्येक प्रवासाचा डाग त्या रिकाम्या डायच्या वर साठलेला आहे, आणि तो काही मी वेगळा काढलेला नाही.

काकांना दाखवले. त्यांनी फाटण्याच्या फ्रेमपाशी थांबवायला सांगितले, पुन्हा पाहिले, आणि पत्र्याची कड फार स्वच्छ तुटली आहे, खालच्या बाजूला बर, म्हणजे तुटलेल्या धातूची खरखरीत कणी, राहायला हवी, असे म्हणाले. मुलाची तक्रार वेगळी होती : चौपन्नाव्या सेकंदाची स्नेअर त्याला चित्राच्या आधी ऐकू येते. मोजले तर चित्र बरोबर ठोक्यावर होते, परंतु त्याचे म्हणणे मला पटले, कारण चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आले की दोन्ही एकदम घडल्यासारखे वाटतात. ती फ्रेमजोडी एका फ्रेमने अलीकडे घेतली. कडेवर बर काढण्यासाठी नऊ चित्रे पुन्हा करावी लागतील. कागदाचा उजवा कोपरा आता इतका झिजला आहे की तेथे कोळसा जेमतेम धरतो, म्हणून उद्या दुपारी, हवा कोरडी असताना, तेवढेच काम करणार आहे.